टाइमपास नावाची रांग

समजा, तुम्हाला एका खोलीत बसवलंय. खोलीला खिडकी नाही, एसी मात्र एवढा की भर उन्हाळ्यात स्वेटर घालावा लागतो. समोर एक चपटा काळा डबा. त्याच्या तोंडावर ओळीनं भोकं, प्रत्येक भोकात एक वायर आणि वायरीशेजारी लुकलुकणारा हिरवा दिवा. हा नेटवर्कचा स्विच. एका मोठ्या हॉस्पिटलाच्या नव्या इमारतीतलं सगळं या डब्यातून जातं. टेबलावरच्या फोनवरचं बोलणं, पेशंटच्या छातीचे ठोके, औषधांच्या नोंदी, एक्स-रेची चित्रं आणि बाकावर ताटकळणारे नातेवाईक मोबाइलवर जे काही बघतात तेसुद्धा. सगळ्यांना पलीकडच्या जुन्या इमारतीत जायचंय आणि जायला तार एकच. एरवी ती पुरते. गर्दी झाली की कुणाला तरी थांबवावं लागतं. कुणाला, ते तुम्ही ठरवायचं.

त्यासाठी डबा तुम्हाला रांगा लावू देतो. पहिल्या रांगेत कुणी उभं असेल तर बाकीच्यांनी पाऊल उचलायचं नाही. मधल्या रांगांना आपापला वाटा. शेवटच्या रांगेला उरलंसुरलं. आणि त्या रांगेत जागाच उरली नाही, तर नवा आलेला दारातूनच बाहेर फेकला जातो. त्याला कुणी सॉरी म्हणत नाही, त्याच्या घरी कळवत नाही. डबा फक्त फेकलेल्यांचा एक आकडा वाढवतो आणि पुढच्याकडे बघतो.

आता सांगा, शेवटच्या रांगेत कुणाला उभं कराल?

हवालदारांनी हा प्रश्न चहा पिता पिता सोडवला होता.

हवालदार म्हणजे पोलीस नव्हेत. ते त्या हॉस्पिटलाचे नेटवर्क इंजिनियर. कुणाला सोडायचं आणि कुणाला अडवायचं हेच यांचं काम, म्हणून रिसेप्शनवरच्या मंडळींनी त्यांचं नाव हवालदार ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांनाही ते आवडायचं. एका वाढदिवसाला कुणीतरी त्यांना खरीखुरी शिट्टी भेट दिली, तेव्हा त्यांनी ती कॅन्टीनमध्ये जोरात वाजवून दाखवली आणि एका डॉक्टरच्या शर्टावर चहा सांडला.

रांगा लावण्याआधी हॉस्पिटलातले फोन म्हणजे वैताग होता. बोलणारा माणूस बादलीत तोंड घालून बोलतोय असं वाटायचं. हवालदारांनी फोनला पहिल्या रांगेत घातलं, ठोके दाखवणाऱ्या मॉनिटरना दुसऱ्या, औषधांच्या नोंदींना तिसऱ्या, एक्स-रे आणि स्कॅनच्या चित्रांना चौथ्या. पाहुण्यांचं मोफत वायफाय शेवटच्या रांगेत. प्रत्येक रांगेला नाव द्यावं लागतं. पहिल्या चारांना त्यांनी शहाण्यासारखी नावं दिली. शेवटचीला नाव देताना साहेब मागे उभे होते.

"पाहुणे वायफायवर करतात तरी काय?" साहेबांनी विचारलं.

"काय करणार? टाइमपास," हवालदार म्हणाले. दोघं हसले आणि तेच नाव टाइप झालं.

त्यानंतर फोन असे खणखणीत झाले की वॉर्डातून कॅन्टीनला 'चार चहा, एक बिनसाखरेचा' असं सांगितलं तरी बिनसाखरेच्या चहात साखर घालायला कुणाला सबब उरली नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये हवालदारांचं कौतुक केलं. ते कौतुक हवालदारांनी घरी येऊन बायकोला सांगितलं आणि मावशीलाही सांगावं लागलं, कारण मावशी दारातच उभी होती.

मावशी म्हणजे त्यांच्या आईची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हवालदार आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांना तिनंच वाढवलं. तिची लाँड्री होती. वाफेची इस्त्री दिवसभर फुसफुसायची आणि त्या फुसफुसण्याच्या वरताण बोलायची सवय लागल्यानं मावशीचा आवाज असा झाला होता की ती कुजबुजली तरी गल्लीच्या टोकाला कळायचं. हवालदारांचा निकाल लागला तेव्हा तो त्यांच्याआधी अख्ख्या गल्लीला माहीत होता. हवालदार आणि धाकट्याचं पुढे वाजलं, बोलणं बंद झालं, तेव्हाही तिनं दोघांना फोनवर असं झाडलं होतं की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिनं लाँड्री बंद केली, आपलं मांजर शेजारणीकडे ठेवलं आणि ती हवालदारांकडे राहायला आली. घर लहान. मावशीला दिवसभर बोलायला कुणी नाही, म्हणून हवालदार संध्याकाळी चपला काढतात न काढतात तोच तिचे प्रश्न सुरू. आज कोण भेटलं, साहेब काय म्हणाला, बसला गर्दी होती का, हा शर्ट कुणी इस्त्री केला, असा कसा केला. सुरुवातीला ते उत्तरं द्यायचे. मग कानाला हेडफोन लावायला लागले. "मीटिंग आहे, मावशी," असं म्हणून आतल्या खोलीत जायचे. बरेचदा मीटिंग नसायची.

"याची मीटिंग काही संपत नाही बाई," एकदा मावशी बायकोला म्हणाली. "एवढं काय ठरवतात गं?"

हेडफोनमध्ये काहीच चालू नव्हतं, त्यामुळे हवालदारांना ते स्पष्ट ऐकू आलं.

मग मावशीला ताप आला, खोकला छातीत उतरला, आणि तिला त्यांच्याच हॉस्पिटलात दाखल केलं. संसर्गाचा वॉर्ड, नव्या इमारतीत सगळ्यात वर. तिथे नातेवाइकांना सोडत नाहीत. कुणाही नातेवाइकाला नाही, मग तो तिथे नोकरीला का असेना. त्याऐवजी कुणा भल्या माणसानं वॉर्डाला टॅबलेट दान दिले होते, जेवणाच्या ताटाएवढे. दुपारी भेटीच्या वेळात सिस्टर ते पेशंटच्या हातात द्यायच्या आणि घरच्यांशी व्हिडिओवर बोलणं व्हायचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. टॅबलेट वॉर्डात आले तेव्हा ते नेटवर्कला जोडायचे कसे, हे सिस्टरना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी समोरच्या भिंतीवर चिकटवलेला पासवर्ड घातला. तो पाहुण्यांच्या वायफायचा होता. चालू झालं, काम झालं. हवालदारांना यातलं काही माहीत नव्हतं. पण त्यांना ते माहीत होण्यासारखं होतं. कारण मावशी दाखल व्हायच्या कितीतरी आधी त्याच सिस्टरनी त्यांना कॅन्टीनच्या रांगेत गाठलं होतं.

"अहो हवालदार, आमचा टॅबलेट दुपारचा फार अडकतो. जरा बघाल का?"

"सिस्टर, ड्युटीवर सिनेमे कमी बघा. आपोआप सुटेल."

रांगेतले सगळे हसले. सिस्टरही हसल्या. नंतर एकदा लिफ्टमध्ये त्यांनी पुन्हा तोच विषय काढला तेव्हा हवालदार म्हणाले, "अजून तोच सिनेमा चाललाय का?" त्यानंतर सिस्टरनी विषय काढला नाही.

मावशी दाखल झाल्यावर पहिल्या भेटीच्या दुपारी हवालदार जुन्या इमारतीत, आपल्याच खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर मावशी आली. नाकात नळी, केस विस्कटलेले, पण तोंड चालू. पहिलं वाक्य नीट आलं.

"अरे, इथे चादरींना इस्त्रीच करत नाहीत!"

हवालदार हसले. मग तिचं तोंड हललं आणि आवाज आला नाही. मग आवाजाचे तुकडे आले, आगापिछा नसलेले. ते म्हणाले, "मावशी, ऐकू येत नाही." ती अजून मोठ्यानं बोलली असावी, कारण तिच्या मानेच्या शिरा दिसल्या. तरी तुकडेच. वॉर्डाचं वायफाय भिकार दिसतंय, हवालदारांच्या मनात आलं. नंतर बघू, असंही आलं. टेबलावर फोन वाजत होता, खालच्या मजल्यावरचा प्रिंटर बंद पडला होता, माणसं वाट बघत होती.

मावशीनं टॅबलेट अगदी तोंडाजवळ घेतला. नुसते डोळे आणि कपाळ दिसायला लागलं. ती काहीतरी म्हणाली, सावकाश म्हणाली, आणि थांबली. उत्तराची वाट बघत असल्यासारखी थांबली. तिथेच चित्र गोठलं.

हवालदारांना एक शब्द कळला नव्हता. आजारी माणसाला किती वेळा 'काय?' विचारायचं? त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि मोठ्यानं म्हणाले, "हो मावशी, हो! हो!"

चित्र सुटलं तेव्हा पडद्यावर वॉर्डाचं छत होतं. टॅबलेट पांघरुणावर उताणा पडला होता. मग सिस्टरचा हात आला आणि कॉल बंद झाला.

दुसऱ्या सकाळी मावशीच्या घशात श्वासाची नळी घालावी लागली. ती पुन्हा बोलली नाही. त्याच आठवड्यात ती गेली.

तार आणि डबे बघणाऱ्या माणसाला दुःखातही एक खोड असते. बिघाड कुठे झाला हे बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कामावर परतल्यावर हवालदारांनी वॉर्डाचं वायफाय तपासलं. ठणठणीत. टॅबलेट तपासले. ठणठणीत. मग ते नव्या इमारतीतल्या त्या स्विचपुढे जाऊन बसले आणि त्यांनी रांगांचे आकडे उघडले. पहिल्या चार रांगांमधून एकही जण फेकला गेला नव्हता. शेवटच्या रांगेपुढचा फेकलेल्यांचा आकडा एवढा लांब होता की तो वाचायला बोट ठेवावं लागलं. दुपार होती. ते बघत असतानाही तो वाढत होता.

सकाळभर काढलेले एक्स-रे आणि स्कॅन दुपारी नव्या इमारतीतून जुन्या इमारतीतल्या साठ्याकडे एकदम पाठवले जातात. ती चित्रं अवजड असतात, त्यांना पोचायची घाई नसते, पण त्यांची रांग चौथी. ती निघाली की पाचव्या रांगेला उरलंसुरलंही उरत नाही. आणि वॉर्डाची भेटीची वेळ नेमकी तीच. टॅबलेट पाहुण्यांच्या वायफायवर होते. पाहुणे पाचव्या रांगेत होते. डब्यानं मावशीच्या बोलण्याचे तुकडे सांगितल्याप्रमाणे दाराबाहेर टाकले होते. ज्या रांगेच्या दारातून टाकले तिचं नाव हवालदारांनीच ठेवलं होतं.

एक गोष्ट त्यांच्या थोड्या वेळानं लक्षात आली, आणि ती जास्त लागली. गर्दी एकाच दिशेला होती, वॉर्डाकडून जुन्या इमारतीकडे. तिकडून वॉर्डाकडे जाणारा रस्ता मोकळा होता. म्हणजे मावशीचं वाक्य पोचलं नाही, पण त्यांचं 'हो' तिला अगदी स्वच्छ ऐकू गेलं होतं.

त्यांनी टॅबलेटसाठी वेगळी रांग केली आणि ती फोनच्या पाठोपाठ ठेवली. चित्रांना मागे सारलं. टेबलावरचा चहा निवायच्या आत काम झालं होतं.

मग ते साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"पण त्या टॅबलेटचं आपल्याला कुणी कळवलंच नव्हतं," साहेब म्हणाले. "न कळवलेल्या गोष्टीत तुमची चूक कशी?"

"कळवलं होतं," हवालदार म्हणाले. "मी विनोद केला."

साहेबांनी विषय बदलला. हवालदार वॉर्डाच्या दारापर्यंत गेले आणि सिस्टरना बाहेर बोलावून त्यांनी माफी मागितली. सिस्टर हातमोजे काढत ऐकत होत्या.

"माझी माफी कशाला मागता?" त्या म्हणाल्या. "मला काय, मी टॅबलेट धरून उभी राहायचे. तुमच्यासारखीच सगळी हो हो म्हणायची. कुणाला वाटतं आपल्या माणसाला चार वेळा 'काय, काय' करावं? आता छान चाललाय बरं का. काल एका आजोबांनी बायकोशी मनसोक्त भांडण केलं."

हे ऐकून हवालदारांना बरं वाटायला हवं होतं. त्यांना ती सगळी 'हो हो' म्हणणारी माणसं दिसायला लागली.

"मावशी शेवटी काय म्हणाली, तुम्ही ऐकलं का?"

"नाही हो. मी पलीकडच्या खाटेपाशी होते. आले तेव्हा टॅबलेट पालथा का उताणा पडला होता एवढंच आठवतंय."

घरी हवालदारांनी बायकोला सांगितलं की आपण मावशीला कसलातरी शब्द देऊन बसलोय आणि तो कसला ते आपल्याला माहीत नाही.

"मांजर," बायको लगेच म्हणाली. "दुसरं काय असणार? 'माझ्या मांजराला बघ' म्हणाल्या असतील."

"मला मांजराच्या केसांनी शिंका येतात."

"हो म्हणताना नाही आल्या?"

मांजर घरी आलं. हवालदार शिंकत राहिले आणि त्याला दूध घालत राहिले. मग त्यांना वाटलं, मावशीच्या जिवाला खरी लागून राहिलेली गोष्ट म्हणजे दोघा भावांचं भांडण. त्यांनी धाकट्याला फोन केला.

"दादा? कोण गेलं आता?" धाकटा घाबरून म्हणाला.

"कुणी नाही. मावशीनं बहुतेक सांगितलं होतं तुझ्याशी बोल म्हणून."

"बहुतेक म्हणजे?"

हवालदारांनी सगळं सांगितलं. धाकटा म्हणाला, "म्हणजे मावशी मांजराबद्दल बोलली हे नक्की कळलं असतं, तर तू मला फोन केला नसतास." तरी पुढच्या रविवारी तो आला, जेवला आणि मांजराला मांडीवर घेऊन बसला.

मावशीची इस्त्री हवालदारांनी दुरुस्त करून आणली. तिच्या जुन्या गिऱ्हाइकांचे न नेलेले कपडे दारोदार पोचवले. ती जे जे मागू शकली असती ते ते करत सुटले. बायकोनं एकदा म्हटलंच, "अहो, एकदा हो म्हणालात त्याचं किती पुरवाल?" पण तिनं थांबवलं नाही. निदान काहीतरी हाताला लागत होतं. दिलेला शब्द आपण पाळतोय, फक्त तो कुठला हे माहीत नाही, एवढंच. असं म्हणत ते जरा सावरले होते.

मग एक दिवस सिस्टरचा फोन आला. मावशीच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाई म्हणायचे. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या, आज तपासणीला आल्या होत्या. हवालदार धावत खाली गेले. बाई बाकावर ताठ बसल्या होत्या, मांडीवर पिशवी.

"तुम्हीच का ते 'हो हो' वाले?" बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं. "अख्ख्या वॉर्डाला ऐकू आलं होतं."

"बाई, मावशी त्याआधी काय म्हणाली, आठवतं का? काय मागत होती?"

"मागत नव्हत्या. विचारत होत्या."

"काय?"

"ते नाही ऐकू आलं. माझ्या ऑक्सिजनचा आवाज केवढा. आणि तुमच्या मावशी एरवी भोंग्यासारख्या बोलायच्या, पण तेवढं वाक्य हळू बोलल्या. शेवट तेवढा ऐकू आला. 'का रे?' असा."

"का रे?"

"'का रे.' म्हणजे प्रश्नच, त्यात काही शंका नाही. मी आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकवलंय."

हवालदार बाकावर बाईंच्या शेजारी बसले. "मी हो म्हटल्यावर?"

"'बरं' म्हणाल्या."

"कसं म्हणाली?"

"बरं कसं म्हणतात? बरं."

"म्हणजे बरं वाटल्यासारखं, की..."

बाईंनी डोळे मिटले, आठवून पाहिलं, आणि 'बरं' म्हणाल्या. मग मान हलवून पुन्हा म्हणाल्या, जरा वेगळं. मग अजून एकदा. "नाही हो," त्या शेवटी म्हणाल्या. "मी म्हटलं की ते माझंच होतंय. उगाच काहीतरी सांगितल्याचं पाप नको." त्यांचा नंबर पुकारला गेला. उठताना त्यांनी हवालदारांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या आत गेल्या.

संध्याकाळी घरी जेवताना हवालदारांनी बायकोला तो 'का रे?' सांगितला. बायको समोर बसली होती, मांजर खुर्चीखाली.

"'जेवलास का रे?' असं असेल," बायको म्हणाली. "दुपारची वेळ होती."

"मी जेवलो नव्हतो."

"मग तेवढं खोटं चालतं. आणि 'बरी होईन का रे?' असेल, तर तुम्ही हो म्हणालात ते चांगलंच केलंत. कुणीही हेच म्हटलं असतं."

"आणि 'कंटाळलास का रे मला?' असेल तर?"

बायकोला हेडफोन आठवले असणार. तिनं त्यांच्या ताटात भात वाढला. ते नको म्हणाले नाहीत.

हवालदार अजून त्याच खोलीत बसतात. आता नवं काही यंत्र नेटवर्कला जोडायचं म्हटलं की ते स्वतः वॉर्डात जातात, ते कोण वापरतं, कुणाशी बोलायला वापरतं, सगळं विचारतात. सिस्टर त्यांना चिडवतात की हवालदार, तुम्ही आता फार चौकशा करता. शेवटच्या रांगेचं नाव त्यांनी बदललं आहे आणि तिलाही थोडा हक्काचा वाटा दिला आहे. दुपारी एक्स-रे निघाले की ते फेकलेल्यांचा आकडा उघडून बसतात. आता तो क्वचितच हलतो. हलला की ते पडद्याजवळ सरकतात. डबा किती फेकले ते सांगतो. कोण होते आणि काय घेऊन चालले होते, हे तो कधीच सांगत नाही. त्याला विचारून उपयोग नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी ते विचारतात. तिच्या त्या 'का रे'च्या आधी काय होतं?